पात्यातली पन्हळ

धार या विषयात मला कुणी शिकवू नये. मी पडदे, सोफ्याची कव्हरं आणि शाळेचे गणवेश शिवते. कुठल्या क्लासला गेले नाही, उसवून उसवून शिकले. माझी मोठी कात्री घरात नवऱ्यापेक्षा जास्त जपली जाते असं नवरा म्हणतो, आणि ते खरं आहे. ती मी फक्त आमच्या सायकलवाल्या धारवाल्याच्या हाती देते, तेही समोर उभी राहून. कात्रीचं पातं आतल्या अंगाने किंचित खोलगट असतं. तिथे दगड लागला की कात्री कापड कापत नाही, चावते. हे मी त्याला इतक्यांदा बजावलंय की मला लांबून बघूनच तो म्हणतो, "आत नाही लावत, ताई."

एवढी मी जाणकार. आता पुढचं ऐका.

आमची मुलगी आइस हॉकी खेळते. लहानपणापासून एका जागी ठरत नाही म्हणून तिला आम्ही भिंगरी म्हणतो. आमच्या देशात बर्फ मिळतो तो सरबतात. खेळण्याजोगा बर्फ दोनच ठिकाणी, एक राजधानीत आणि एक आमच्या मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर. तिथे दिवसभर वाढदिवसाला आलेली पोरं आपटत असतात, म्हणून टीमला बर्फ मिळतो आठवड्यातून एकदा, मॉल उघडायच्या आधी. बाकीचे दिवस या मुली तळघरातल्या पार्किंगमध्ये चाकांच्या बुटांवर सराव करतात आणि "गाडी आली" म्हणत खांबांमागे पळतात. आमच्या नातेवाइकांची अजून समजूत आहे की ती आधी हॉकी खेळते आणि मग आइस्क्रीम खाते.

राजधानीहून निवडीच्या बाई येणार होत्या. ज्युनियर संघ परदेशी जायचा होता, आणि भिंगरीचं ज्युनियरमधलं ते शेवटचं वर्ष. पोरगी झोपेतसुद्धा पाय मारत होती. अडचण एकच. बुटांखालच्या पात्यांची धार गेलेली, आणि धार लावायचं मॉलमधलं यंत्र बिघडलेलं.

"त्याचा पार्ट बाहेरून येतोय," भिंगरी म्हणाली. "सर म्हणाले, आहे त्यावर खेळा. सगळ्यांचीच बोथट आहेत."

"आणि तू गप्प बसलीस?"

"मग काय करू, दाताने धार लावू?"

नेमके तेव्हा साऱ्या टीमचे बूट आमच्याच घरात होते. मी मुलींसाठी बुटांच्या पिशव्या शिवत होते ना, मापाला म्हणून सगळ्यांनी आणून टाकलेले. आमच्या बैठकीच्या खोलीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. आणि खिडकीखाली धारवाल्याची घंटा वाजली. मला वाटलं, ही वेळ वाया घालवणं म्हणजे पाप.

"तिला विचारलंस का?" हे पेपरातून म्हणाले.

"विचारलं तर ती चकित कशी होणार?"

"होईल की," हे म्हणाले आणि पान उलटलं.

धारवाल्याने एक बूट उलटा धरला, डोळा मिटून पात्यावरून नजर फिरवली आणि चुकचुकला. "ताई, पार वाट लागलीय. मधोमध झिजून पन्हळ पडलीय बघा."

मी बघितलं. खरंच, पात्याच्या मधून या टोकापासून त्या टोकापर्यंत बारीकशी पन्हळ.

"दुसरा बघ."

दुसऱ्यालाही होती. तिसऱ्यालाही. साऱ्या टीमच्या बुटांना अगदी एकसारखी.

"सगळ्यांचे एकसारखे कसे झिजले?" तो डोकं खाजवत म्हणाला.

"एकत्र खेळतात ना," मी म्हणाले.

हे वाक्य मी म्हटलं. 

"काढून टाकू पन्हळ?"

"काढ. आणि सुरीसारखी धार आण."

दिवसभर ठिणग्या उडत होत्या. शेवटच्या बुटाने त्याने हवेत धरलेला कागद कापून दाखवला, मग काकडी. मी कौतुकाने ती काकडी खाल्ली.

निवडीच्या सकाळी नव्या पिशव्या वाटल्या. मुली खूश. धारेबद्दल मी चकार शब्द काढला नाही. बर्फावर पाय टेकला की कळेल म्हटलं.

कळलं. पहिली मुलगी उतरली आणि सरळ गेली. नाकासमोर, सभ्यपणे, थेट पलीकडच्या कठड्यापर्यंत, आणि धडकली. दुसरी तिच्यावर. तिसरीने वळायचा जीव तोडून प्रयत्न केला, पण तीही रांग मोडून गेल्यासारखी लाजत भिंतीला भिडली. चेंडूच्या जागी असते ती काळी चकती मैदानात मधोमध पडलेली, आणि मुली तिच्या शेजारून काठ्या फिरवत निघून जातायत, स्टॉप नसलेल्या बससारख्या. गोलकीपर तर गोल सोडून हळूहळू उलटी निघाली ती "सर, मी कुठे चाललेय?" असं विचारत. भिंगरी चकतीजवळ पोचली, वाकली, आणि तिचे दोन पाय दोन गावांना गेले.

निवडीच्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. भाड्याच्या बुटांच्या कपाटाची किल्ली ज्याच्याकडे, तो मॉल उघडल्यावर येतो. आणि मॉल उघडला की बर्फ वाढदिवसांचा.

सरांनी एका मुलीचा पाय धरून पातं पाहिलं. त्यांचा चेहरा बर्फाहून पांढरा झाला. "पन्हळ कुठाय? अगं, त्या पन्हळीच्या दोन कडांवरच तर वळायचं, त्यांवरच थांबायचं! ही सुरी कुणी केली?"

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. भिंगरीने काचेपलीकडे उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. मी तिची आई आहे, ती मला ओळखते. तिने हात वर केला.

"मी, सर."

मग मला राहवेना. दार ढकलून मी तशीच चपलांनी आत घुसले. "नाही हो, ती नाही, मी..." एवढंच बोलणं झालं. पुढचा प्रवास पाठीवर झाला. वाटेत चकती माझ्या पर्सला अडकली, आणि पर्स, चकती आणि मी अशा तिघी रिकाम्या गोलात जाऊन थांबलो. निवडीच्या बाईंनी सवयीने शिट्टी फुंकली.

त्या निवडीतला एकमेव गोल माझा.

संघ राजधानीतल्या मुलींचा झाला. बाईंचा दोष नाही, बघायला आमच्या मुलींनी ठेवलंच काय होतं? मुली मला "राहू द्या, काकू," म्हणाल्या. कुणीतरी रागावलं असतं तर बरं झालं असतं. घरी येताना भिंगरी स्कूटरवर माझ्या मागे बसली होती, बुटांची पिशवी आम्हा दोघींच्या मधे. सिग्नलला माझ्या पाठीशी बोलावं तसं म्हणाली, "आई, पिशव्या मात्र छान झाल्यात."

मी हिरवा दिवा लागला तरी उभीच. मागचे हॉर्न वाजवत होते.

पार्ट आला, यंत्र सुरू झालं. धार लावायचं काम सरांकडून भिंगरीनेच शिकून घेतलं. आता साऱ्या टीमची पाती तीच करते, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. परदेशी मात्र ती गेली नाही. मोठ्यांच्या संघात जागा मिळणं कठीण असतं. ती प्रयत्न करतेय, आणि मी कशातही मदत करत नाहीये. हीच माझी मदत.

परवा मी पडदा बेतत होते. तिने माझी मोठी कात्री उचलली, उघडली, पात्यावरून बोट फिरवलं, आणि माझ्याकडे पाहिलं.

"आई, हे आतून खोलगट आहे."

"असतं तसं."

"तुला माहीत होतं?"

मी खडू शोधू लागले. खडू हातातच होता.

"झिजलंय वाटतं," ती म्हणाली. "काढून टाकू?"

हे पेपरामागे हलत होते. हसत असावेत.