नमुना नको

मी आवक-जावक विभागात कारकून आहे. अठरा वर्षांत माझ्या हातून एकही पत्र चुकीच्या पत्त्यावर गेलेलं नाही. (हे आधीच सांगून ठेवतो, नंतर कुणी विश्वास ठेवणार नाही.)

त्या रविवारी सासूबाई जेवायला यायच्या होत्या. "जावईबापूंना पाणी तरी उकळता येतं का गं?" हे त्या अकरा वर्षं बायकोला माझ्यादेखत विचारत आल्या आहेत. या वेळी त्यांना माझ्या हातचं वाटीभर खायला लावायचंच, असं ठरवून मी पालक-मशरूमचं सूप करायला घेतलं. दोन तासांनी ते झालं. रंग हिरव्याकडून निघून तपकिरीच्या वाटेवर कुठेतरी रेंगाळला होता, डाव त्यात सरळ उभा राहत होता, पण ते बघून मला भरून आलं.

फोटो काढावासा वाटला. आमच्या इमारतीचे फोनवर दोन ग्रुप आहेत. 'शेजार'वर लोक घरच्या पदार्थांचे फोटो टाकतात आणि मग वाट्या या घरातून त्या घरात जातात. दुसरा 'शेजार तक्रार', तिथे गळके नळ आणि तुंबलेले पाइप. पातेलं बाहेरून करपलं होतं, म्हणून मी अगदी जवळून फोटो घेतला, खाली लिहिलं, "आज मी स्वतः केलंय. दोन तास लागले," आणि पाठवून दिला. कुठल्या ग्रुपवर, ते तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही.

सेक्रेटरीकाकांचं उत्तर लगेच आलं.

"कबूल केलंत, हे बरं केलंत. घरातल्या आणखी कुणाचा हात?"

"छे, सगळं मी एकट्याने."

"एवढं?"

"सहा जणांना पुरेल."

"अजून वर येतंय का?"

"बुडबुडे येताहेत."

"वास?"

"जिन्यापर्यंत गेला असेल. वाटीभर पाठवू?"

"नमुना नको. माणूस पाठवतो."

नमुना नको म्हणजे भरपूर हवं, असा मी अर्थ लावला आणि घरातला सगळ्यात मोठा डबा भरला.

बेल वाजली. दारात लांबलचक स्प्रिंग खांद्यावर घेतलेला एक माणूस आणि त्याच्यामागे धापा टाकणाऱ्या सासूबाई.

"कुठंय?" त्याने विचारलं.

"डब्यात काढून ठेवलंय."

तो एक पायरी खाली उतरला. "हाताने काढलंत?"

"डावाने."

सासूबाईंनी नाकाला रुमाल लावला. मी झाकण उघडलं. प्लंबरने डब्यात पाहिलं, मग फोनमधल्या फोटोकडे, मग माझ्याकडे.

"साहेब, हे खायचं आहे?" त्याने फार मायेने विचारलं.

बायको हसत हसत जमिनीवर बसली. सासूबाई हसल्या नाहीत, तेच मला जास्त लागलं.

मी ग्रुपवर खुलासा टाकला. सेक्रेटरीकाका बिचारे ओशाळले. "माफ करा, चष्मा लावला नव्हता. पुढच्या वेळी नक्की कौतुक करीन."

तरी मी हिय्या करून सासूबाईंपुढे सुपाची वाटी ठेवली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "त्या बिचाऱ्याला फुकटचा हेलपाटा पडला. खालपर्यंत सोडून तरी या."

सोडून आलो, तर वाटी रिकामी. पातेलंही रिकामं. डबासुद्धा.

"चांगलं होतं हो," सासूबाई म्हणाल्या. बायको टेबलाकडे बघत होती.

अकरा वर्षं मी या वाक्याची वाट पाहत होतो. त्या आनंदाच्या भरात मी जाहीर केलं की आज भांडीही मीच घासणार. दोघी एकदमच "नको" म्हणाल्या. (किती काळजी करतात माझी, असं मला वाटलं.)

सिंक काठोकाठ भरलं होतं. खालून हिरवट-तपकिरी घाण वर आली होती आणि पाण्याचा थेंब उतरत नव्हता. मी फोटो काढला. या वेळी ग्रुपचं नाव तीनदा वाचलं, 'शेजार तक्रार', आणि लिहिलं, "तातडीने कुणाला तरी पाठवा."

उत्तर लगेच आलं. "मी स्वतःच वाटी घेऊन येतो. रंग मघापेक्षा सुरेख आलाय. आणि आता चष्मा लावलाय, मशरूम अगदी स्पष्ट दिसताहेत."

मी पुन्हा सिंककडे पाहिलं. सहा जणांना पुरेल एवढं होतं.