दोन टर्मवाले सोनकांबळे मामा

सोनकांबळे मामांना तिसरा कप चहा पाजून दाखवा, माझी स्कूटर तुमच्या नावावर करून देतो. आमच्या लातूरच्या कॉलनीत आजवर कुणालाच ते जमलेलं नाही. दुसरा कप संपला की मामा तो बशीत पालथा घालतात आणि म्हणतात, "दोन टर्म झाल्या. आता उतरा खाली."

हे चहापुरतंच असतं तर मी कशाला लिहीत बसलो असतो? जेवताना भाकरी दोन. न्हावी दहा वर्षांनी बदलायचा. आधीच्या न्हाव्याला बिचाऱ्याला आपलं काय चुकलं तेच कळेना, तो माझ्याकडं विचारायला आला. कुकरलाही दहा वर्षं झाली म्हणून मामांनी तो मोडीत घातला, तेही त्यांची बायको, आमच्या वहिनी, ओरडत असताना. "अहो, चांगला चालत होता की," मी म्हणालो. "चांगला हाय तवरच काढायचा असतो," मामा म्हणाले. "बिघडल्यावर कुनीबी काढतंय."

पण मामांचा खरा विषय आमदार. आमदाराला दोनच टर्म, म्हणजे दहा वर्षं. तिसऱ्यांदा त्याचा उमेदवारी अर्जच घ्यायचा नाही, असा कायदा पाहिजे म्हणून ते निवेदनं पाठवत असतात. आणि पाठवतात कुणाला? आमदारांनाच!

"मामा, ज्याला उतरवायचं त्यालाच इचारायलात?"

"मग? कायदा तेच करतेत ना."

एकदा एका आमदाराचं उत्तर आलं. "आपले निवेदन पुढील कार्यवाहीसाठी संबंधितांकडे पाठविण्यात आले आहे." मी अभिनंदन करायला गेलो तर मामा पोट धरून हसत होते. "जाधव, हे वाक्य मी सोता पंचवीस वर्षं टाईप केलंय. कागद कपाटात गेला, एवढाच त्याचा अर्थ."

हे खरं होतं. मामा पंचवीस वर्षं एका आमदाराचे पीए होते. त्यांचे साहेब लागोपाठ पाच वेळा निवडून आले आणि पाचही टर्म मामा त्यांच्या गाडीत पुढच्या सीटवर होते. मतदारसंघातलं घर न घर त्यांना पाठ. कुणाचा पोरगा कुठं शिकतो, कुणाच्या सासऱ्याचं ऑपरेशन झालं, कुणाला कोणतं शिफारसपत्र दिलं, सगळं तोंडपाठ. अशा माणसानं निवृत्त झाल्यावर दोन टर्मचा कायदा मागावा याची आम्ही कॉलनीत यथेच्छ टिंगल करायचो. सगळ्यात जास्त मीच करायचो.

मी आमच्या सोसायटीचा अध्यक्ष. आता किती वर्षं झाली ते विचारू नका, बारा झाली. पूर्वी बसस्टँडवर कंट्रोलर होतो, त्यामुळं माणसं हाकायची सवय आहे आणि खोटं कशाला बोलू, खुर्चीही आवडते. यंदाच्या वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीचा विषय संपला आणि मामा उठले.

"अध्यक्ष, तुमचं काम चांगलं हाय. तक्रार न्हाई. पन दोन टर्म होऊन वर दोन वर्षं झाली. आता उतरावं."

लोक हसले. माझं टाळकंच सरकलं. मी माइक हातात घेतला आणि बोललो, "तुमचे साहेब पाच टर्म बसले तवा कुठं गेला होता तुमचा कायदा? पंचवीस वर्षं त्याच खुर्चीच्या जिवावर पगार खाल्ला आन् आता आम्हाला शिकवायलात?"

टाळ्या पडल्या. मामा खाली बसले, चष्मा काढला, पुसला आणि पुसतच राहिले. घरी येताना माझी बायको माझ्या दहा पावलं पुढं चालत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. माफी मागायला म्हणून गेलो खरा, पण टाकीच्या पाण्याचंच बोलत बसलो. वहिनींनी चहा ठेवला. शेवटी मामाच म्हणाले, "बरोबर बोललात तुम्ही. मी सोता कुठं उतरलो?"

"मग सोडलं का नाही, मामा?"

"सोडवलं न्हाई. बारक्या गावातनं आलेला मानूस मी. लोक गाडीपाशी येऊन नावानं हाक मारायचे, लई गोड वाटायचं. मानूस आपनहून उतरत न्हाई, अध्यक्ष. कुनीतरी वरून सांगावं लागतंय, बस झालं म्हनून. साहेबाला कायद्यानं उतरवलं असतं, तर मीबी उतरलो असतो."

वहिनी आतून म्हणाल्या, "स्मिताच्या लग्नातलं सांगा की त्यास्नी."

मामा कपबशा गोळा करू लागले. मग वहिनीच बाहेर येऊन सांगू लागल्या. स्मिता ही त्यांची एकुलती एक लेक, आता नांदेडला असते. तिच्या लग्नात साहेब आले तसे मामा मंडपातलं आपलं काम टाकून साहेबांच्या मागं जाऊन उभे राहिले. कुठल्याही लग्नात त्यांचं हेच काम असायचं. समोर येणाऱ्याचं नाव, गाव, शिक्षण साहेबांच्या कानात सांगायचं, म्हणजे साहेब ओळख दाखवायला मोकळे. मंगल परिणय झाला आणि नवरानवरी साहेबांच्या पाया पडायला वाकले.

"तर ह्यांनी कानात सांगितलं," वहिनी म्हणाल्या, "साहेब, ही आपल्या पीएची मुलगी. स्मिता. बी.ए. झाली. लेक वाकल्या वाकल्याच म्हनली, पप्पा, बी.एस्सी. नर्सिंग."

मला हसू आलं. खरंच आलं, आणि आलं त्याची लाज वाटली. मामांकडं बघवेना. अख्ख्या मतदारसंघाची पोरं ज्याला पाठ, त्याला स्वतःची एक पाठ नव्हती. आणि या माणसाला मी भर सभेत पगार खाल्ला म्हणालो होतो. माझी जीभ झडली का नाही तेव्हा?

"आता येती सनाला," मामा म्हणाले. "दोन दिवस ऱ्हाती. मला अहोजाहो बोलती. पानी दिलं तर थँक्यू म्हनती."

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "पण मामा, दोनच टर्म का? पाच नको, कबूल. तीन का नाही?"

मामांनी लगेच उत्तर दिलं. हिशोब कधीचाच करून ठेवलेला असावा.

"दुसरी टर्म संपली तवा स्मिता आठ वर्षांची होती. तवर रोज सकाळी गाडीपर्यंत येऊन इचारायची, पप्पा, आज कधी येनार? तिसऱ्या टर्मला तिनं इचारायचं सोडलं."