स्लॅबवरची मेंढरं

जुन्या घराची कौलं भंगारात द्यायची न्हाईत, एवढंच संपतनं ठरवलं. तिथंच थांबला असता तर बरं झालं असतं. पण त्यानं ती नव्या घराच्या स्लॅबात घातली!

सणसवाडीच्या कंपनीतली ड्युटी सांभाळून, सुट्टीला पाबळच्या बांधकाम वर्गाला जाऊन तो हे शिकून आला होता. "अगं, स्लॅबच्या खालच्या अंगाचं काँक्रीट नुसतं वजन वाढवतं. तिथं कौलं बसवायची. सिमेंट वाचतं, सळई वाचते, घर गार राहतं."

त्याच्या बायकोनं, प्रगतीनं ऐकलं ते एवढंच, की सिमेंट कमी. (तान्ह्या शंभूला शिंक आली तरी ती दौंडला आईला फोन लावायची.)

"माझं लेकरू त्या स्लॅबाखाली निजणार न्हाई. वास्तुशांती करा आन् तुम्हीच ऱ्हावा. मी चालले दौंडला!"

आता हिचं लहानपण गेलं वडिलांच्या मेंढरांमागं. डोक्यावर छप्परच नव्हतं. पोत्यावर निजायचं, रात्रभर कानाशी रवंथ ऐकायचं, सकाळी अंगावर दव. तवा कसली भीती वाटली न्हाई. आई झाली आणि आभाळसुद्धा कच्चं वाटायला लागलं.

सासरे ज्योतिबाआबा म्हणाले, "पोरी, तुझी खात्री पटवतो. सोपानराव धनगराची मेंढरं आपल्याच रानात बसलीत. चढवू वर!" (आपला कळप विकल्यापासून त्यांना निमित्तच हवं होतं.)

वास्तुशांतीच्या सकाळीच बाभळीचा पाला दाखवत सोपानरावांनी अख्खा कळप जिन्यानं वर नेला. स्लॅबनं हूं की चूं केलं नाही. आबा तर विशीतल्या गड्यासारखे हुर्रर्र करत मधोमध फिरत होते.

पाला संपला. मेंढरं काही उतरेनात.

"ढकला की!" संपत खालून ओरडला.

"ढकलून मेंढरू उतरतं व्हय?" वरून सोपानराव म्हणाले. "पुढचं गेलं की मागचं जातं."

"मग पुढचं न्या!"

"पुढचं कोण, तेच ठरंना त्यांचं!"

प्रगती अंगणातल्या लिंबाखाली शंभूची झोळी हलवत होती. तिला राहवेना. "अहो, ह्याच्याकडं बघा," म्हणत ती तरातरा वर गेली. एक मेंढी कोकराभोवती घुटमळत केविलवाणी ओरडत होती. प्रगतीनं कोकरू उचलून कडेवर घेतलं. मेंढी मागं आली, मेंढीमागं कळप.

खाली येऊन बघते तर लिंबाखाली झोळी नाही!

"शंभू कुठाय?"

"ऊन आलं अंगावर, म्हणून आत बांधली."

"आत कुठं?"

"स्लॅबच्या हुकाला."

म्हणजे मघाशी मेंढरं नाचली ती लेकराच्या डोक्यावरच! प्रगती आत धावली. कोकरू कडेवरच होतं, त्यामुळं मेंढीही आत, आणि सगळा कळपही आत. वास्तुशांतीचं तोरण गेलं, रांगोळी गेली, मोदकपात्रात एकाचं तोंड अडकलं. अन् त्या गलक्यात शंभू मुठी वळून गाढ झोपलेला.

"वर खुरं वाजायला लागली तसा निजला," संपत म्हणाला.

प्रगतीनं वर बघितलं. जुन्या चुलीच्या धुरानं काळवंडलेली कौलं तिच्याकडं बघत होती. भोवती तोच लोकरीचा वास, तेच रवंथ. ती कोकरू मांडीवर घेऊन तिथंच बसली. दौंडला जायचं राहिलं ते राहिलंच.

चार दिवसांनी कळप पुढच्या गावाला गेला. आणि खुरं वाजल्याशिवाय शंभू झोपेना.

आता रोज संध्याकाळी संपत झोळी हलवतो आणि प्रगती स्लॅबवर चपला आपटत येरझाऱ्या घालते. अंगणातून आबा ओरडतात,

"पोरी, बेतानं! सिमेंट कमी हाय त्यात!"