सहलीची रंगीत तालीम

मी पन्नाशी ओलांडलेला, भरघोस मिश्यांचा प्राथमिक शिक्षक आहे. तरीसुद्धा मे महिन्यातला एखादा दिवस मी दत्तूभाई गावड्यांची सून असतो.

भलतंसलतं काही मनात आणू नका. दत्तूभाई आमचे शेजारी. एसटीच्या स्टँडवर कंट्रोलर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले. मे महिन्यात मुलं घरी आली की कुटुंबाला घेऊन एक दिवस सहलीला जायचं, हा त्यांचा नेम. पण त्या सहलीच्या चार दिवस आधी ते तिची रंगीत तालीम करतात. तीच जागा, तीच वेळ, तेवढ्याच पिशव्या. वहिनी तालमीला यायला साफ नकार देतात. एकदाच काय ते दमवा, म्हणतात. मग उरतो मी, कारण माझ्याकडे सात माणसांची जुनी गाडी आहे आणि मला नाही म्हणता येत नाही. मुलगा, सून, मुलगी, नात या सगळ्या भूमिका मग मलाच कराव्या लागतात.

आमच्याकडे दशावतारी मंडळी तालमीशिवाय उभंच्या उभं नाटक करतात. तोंडाला रंग लागला की संवाद आपोआप सुचतात. अशा मुलखात जन्मून हा गृहस्थ आंबोळ्या खाण्याची तालीम करतो.

"आधी बघून येवया," हे त्यांचं पालुपद. दात काढायचा होता, तेव्हा आदल्या दिवशी दवाखान्यात जाऊन नुसते खुर्चीत बसून आले. माझ्या मुलीच्या लग्नात आदल्या संध्याकाळी मांडवात येऊन, पंगतीत पंखा कुठल्या पाटापर्यंत पोचतो ते पाहून गेले. लग्नात बरोबर तिथेच बसले आणि तीनदा जिलेबी घेतली.

ही खोड लागली कशी, ते मला वहिनींनी सांगितलं. तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. लोकांच्या सुट्ट्या म्हणजे भाईंच्या जादा गाड्या, त्यामुळे मुलांच्या वाट्याला बाप कधी यायचाच नाही. एकदा कशीबशी रजा मिळाली आणि ते सगळ्यांना धामापूरच्या तळ्यावर घेऊन गेले. धामापूरची गाडी त्यांनी हजारदा पुकारली होती, धामापूर पाहिलं मात्र नव्हतं. बसले ते नेमके उन्हात. पाणी संपलं, धाकटी मनी रडायला लागली. तिला गप्प करायला भाई शेंगदाणे आणायला गेले आणि परतीची गाडी त्यांच्या डोळ्यांसमोरून निघून गेली. जन्मभर दुसऱ्यांना गाड्यांवर बसवून देणाऱ्या माणसाची स्वतःची गाडी चुकली. चौघं चालत घरी आले. रात्री जेवताना आठ वर्षांचा सुहास एवढंच म्हणाला, की बाबा, पुन्हा खंय जाऊक नको. वहिनी म्हणतात, ते त्यांच्या जिव्हारी लागलं. तेव्हापासून बघून आल्याशिवाय ते कुठे जात नाहीत.

या वर्षी तर त्यांच्या काळजीला पारावार नव्हता. सुहास, सून आणि नात चिमी पुण्याहून तीन वर्षांनी येत होती. मनी म्हापशाला नर्स आहे. तिची रजा आणि सुहासची रजा यांत एकच दिवस जुळत होता. एकच. आणि भाईंनी जागा ठरवली होती धामापूरच. तीस वर्षांपूर्वी बिघडलेला दिवस त्यांना नीट करून मुलांना परत द्यायचा होता.

तालीम कडक झाली. भरदुपारी साडेबाराला मला तळ्याकाठच्या एका झाडाखाली बसवलं आणि भाईंनी गंभीरपणे विचारलं, "सूनबाई, ऊन लागता काय?" मी मान खाली घालून नाही म्हणालो. त्याआधी येताना सांबाराच्या डब्यात पाणी भरून, तो भाईंच्या मांडीवर ठेवून, रस्त्याची सगळी वळणं झाली होती. थेंब सांडला नव्हता. शेवटी मला चिमी करून तळ्याच्या पायऱ्या उतरायला लावलं. सातव्या पायरीवर मी सपशेल आपटलो. भाईंना इतका आनंद झाला की मला उठवायच्या आधी त्यांनी वहीत लिहिलं, 'सातवी पायरी निसरडी.'

सहलीच्या दिवशी गाडी चालवायला मीच होतो. निघताना भाई पडवीत सांबाराच्या डब्याचं झाकण पुन्हा पुन्हा दाबून पाहत होते. धामापूरला पोचलो, देवीचं दर्शन झालं आणि ठरलेल्या झाडाखाली चटई पसरली. पाच मिनिटांत सगळे ताडकन उठले. तांबड्या मुंग्या. तालमीला त्या आल्या नव्हत्या.

तेवढ्यात चिमी पायऱ्यांकडे पळाली. आजोबांनी गाडीत दहादा बजावलं होतं की सातवी पायरी टाळ. तिने मोठ्याने मोजत सातवी पायरी गाठली आणि पाण्यात पाय सोडून तिथेच बसली. उठेचना. मग तिची आई बसली, मनी बसली, सुहास पँट वर दुमडून बसला. वहिनींनी तिथेच आंबोळ्यांची पिशवी उघडली आणि काळ्या वाटाण्याचं सांबार काही मिळेना. डबा पडवीच्या बाकावर राहिला होता. झाकण तपासायला तो पिशवीतून कोणी काढला, हे विचारायची गरज नव्हती.

भाईंचा चेहरा मला बघवेना. तीस वर्षांपूर्वीची ती गाडी पुन्हा त्यांच्या डोळ्यांसमोरून निघून गेली होती.

आधी वहिनी हसायला लागल्या. मग सगळेच. सुहासने कैरी फोडली, मीठ लावलं आणि कोरडी आंबोळी खात चिमीला आपल्या पहिल्या सहलीची गोष्ट सांगायला घेतली. ऊन, रडणं, शेंगदाणे, सगळं. भाई खाली मान घालून ऐकत होते, आरोपपत्र वाचलं जातंय तसे. चिमीने विचारलं, गाडी चुकली तर तुम्ही रडलात का?

उत्तर मनीने दिलं. "रडतलंव कित्याक? गाडी चुकली म्हणान तर आमका बाबांच्या खांद्यार बसूक गावला. घराकडे येयसर."

सुहास म्हणाला, वाटेत बाबा स्टँडवरच्यासारख्या सगळ्या गाड्या पुकारत होते आणि आम्ही दोघं आळीपाळीने त्यांच्या खांद्यावर चढत-उतरत होतो. त्याच्यासारखी मजा पुन्हा कधी आली नाही. मग पुन्हा जायला नको असं का म्हणालास, असं वहिनींनी विचारलं, तर त्याला ते आठवतसुद्धा नव्हतं. पाय दुखले असतील, म्हणाला.

भाई उठले आणि उगाच तळ्याकडे बघत उभे राहिले. उपरण्याने त्यांनी तोंड पुसलं, ते घामासाठी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुलं आपापल्या गावी गेली. संध्याकाळी भाई वही घेऊन माझ्या खळ्यात, म्हणजे अंगणात, आले. मी म्हटलं, भाई, सहल बाकी झकास झाली.

"खंयची सहल? ती तालीम होती," भाई म्हणाले. "डबो घराकडे रवलो, मुंग्यांनी उठवल्यानी. ह्येका सहल म्हणतत?"

मी हसलो. ते हसले नाहीत. मुलं गेल्याने सुन्या झालेल्या आपल्या घराकडे बघत म्हणाले,

"मास्तर, सहल झाली म्हटलंय तर ती संपली. तालीम झाली म्हटलंय तर खरी सहल अजून रवली. मग पुढच्या वर्साक सगळ्यांका येवकच व्हया."

त्यांनी माझंच पेन मागून घेतलं, वही उघडली आणि 'निसरडी' हा शब्द खोडला. आता तिथे लिहिलंय, 'सातवी पायरी. सगळे बसतात.'