मासे खाली, पूर्वज वर

बंदरालगतच्या पत्र्याच्या कचेरीत मामा आणि भाचा एकमेकांकडे पाठ करून बसत असत, कारण सहल एक होती आणि तिचे धनी दोन होते. जहाजातून उतरलेल्या प्रवाशांना प्रथम भाचा समुद्रात नेई आणि डोळ्यांना चष्मा व तोंडात नळी देऊन, पालथे तरंगत मासे पाहावयास शिकवी. तदनंतर मामा त्यांना छपराखाली बसवून बेटावरील आपल्या आदिवासी जमातीच्या सात पिढ्यांचा इतिहास कथन करीत. पोहून दमलेल्या प्रवाशांना तोवर गाढ निद्रा लागलेली असे.

त्या दिवशी जहाज उशिरा लागले आणि सहलींचा कारभार पाहणाऱ्या बाई स्वतः उतरल्या.

"वेळ थोडाय. दोन्हींपैकी एकच होईल," बाई म्हणाल्या. "आणि मामा, राग मानू नका, पण इतिहासात लोक झोपतात. पुढच्या फेरीपासून नुसते मासेच ठेवावेत म्हणते."

मामांचा चेहरा उतरला. जमातीतील तरुण मंडळी पूर्वजांचा विषय निघताच काढता पाय घेत. ऐकणारे असे हे परकेच काय ते उरले होते. तेही गेले, तर सातही पिढ्या मामांच्या पोटातच राहणार होत्या.

"दोन्ही एकदम करू," मामा म्हणाले. "लोक पाण्यात राहतील, मी होडीतून सांगेन."

"अहो मामा, कान पाण्यात असतात त्यांचे," भाचा म्हणाला.

"डोळे तुझ्या माशांना, कान मला. आज बाईंना स्वतः ऐकू दे, मग काय ठरवायचं ते ठरवू दे."

"बरं, पण बसून सांगा."

"पूर्वजांचं नाव बसून घेतात होय रे? तुझ्या आईनं हेच शिकवलं का?"

अशा रीतीने विद्या आणि विहार यांचा संगम घडून आला. बाई होडीच्या मागच्या बाजूस बसल्या, मामा मध्यभागी उभे राहिले आणि प्रवासी सभोवार पालथे तरंगू लागले.

"मंडळी, माना वर करा," मामा म्हणाले. "आमचे मूळपुरुष..."

"माना खाली," भाचा पाण्यातून म्हणाला. "निळा मासा चाललाय."

मंडळींच्या माना दाणे टिपणाऱ्या कोंबड्यांप्रमाणे वरखाली होऊ लागल्या. एका स्थूल गृहस्थाच्या नळीत पाणी शिरले. त्यांची पत्नी चष्मा कपाळावर सारून म्हणाली, "तुमचं दोघांचं काय ते एकदा ठरवा. आमच्या ह्यांना ठसका लागलाय."

बाईंनी घड्याळाकडे पाहिले. ते पाहून, आवाज दूरवर पोहोचावा म्हणून मामा होडीच्या टोकावर चढले.

"आमचे खापरपणजोबा वादळात असेच टोकावर उभे होते," त्यांनी हात उंचावला. "समुद्रानं त्यांना हाक मारली, आणि ते..."

आणि ते दिसेनासे झाले. अर्थात, खापरपणजोबा नव्हेत, मामा.

मामांना पोहता येत नाही, हे घरातील मांजरालाही ठाऊक होते; केवळ इतिहासात त्याचा उल्लेख नव्हता. भाचा धावला, परंतु स्थूल गृहस्थ अधिक जवळ होते. त्यांनी मामांना बखोटीला धरून वर काढले, तोच चहूकडून टाळ्यांचा कडकडाट झाला.

"काय हुबेहूब वठवलंत हो," गृहस्थांची पत्नी म्हणाली. "ते हातपाय झाडणं तर अगदी खरं वाटलं."

मामा खरे सांगण्याच्या बेतात होते, परंतु तोंडातून प्रथम पाणी आले.

"हे आधी का नाही दाखवलंत?" बाई म्हणाल्या. "इतिहास ठेवू. पण दर फेरीला पडायचं. कबूल?"

"पुरता ऐकतील ना?"

"न ऐकून सांगतात कुणाला."

"मग पडतो," मामा म्हणाले.

भाच्याने मामांच्या सदऱ्याआड तरंगण्याचा पट्टा बांधून दिला. मामांनीही एक सुधारणा केली: पाण्यात पडलेल्या खापरपणजोबांना त्यांनी उचलून कथेच्या अगदी शेवटी नेऊन ठेवले.

पुढील फेरीपर्यंत मामा पडतात ही वार्ता जहाजभर झालेली होती. त्यामुळे प्रवासी पाण्यात उतरले खरे, परंतु ते पडणे हुकेल या धास्तीने एकानेही तोंड पाण्यात घातले नाही. खालून माशांचे थवेच्या थवे निघून गेले.

"मामा, पडा की आता," भाचा होडीची कड धरून काकुळतीने म्हणाला. "माझे मासे चालले सगळे."

"थांब रे," मामा मागे वळूनही न पाहता म्हणाले. "अजून चौथीच पिढी चाललीय."