तोतयांनी आईसाहेबांची चित्रफीत तारिली, त्याची हकीकत

मावशीसाहेबांचे हुजुरास नमस्कार विशेष. आपण परमुलखी असल्याकारणे समारंभास येणे घडले नाही, आणि फोनवर ज्याने त्याने आपापली फुशारकी मारून हकीकतीचा विचका केला, सबब जे घडले ते घडल्याप्रमाणे लिहून पाठवणे ऐशी आज्ञा जाहली. त्यास, बखरकार धन्याची भीड धरून पराभवास विजय लिहितात ऐसा लौकिक आहे. या लेखणीस धनी नाही आणि भीडही नाही. ज्याने गाढवपणा केला त्याचा गाढवपणा लिहिला जाईल, मग तो दादासाहेबांचा का असेना.

मोहिमेचे मूळ ऐसे. आपल्या थोरल्या भगिनी, आमच्या आईसाहेब, या मोटार शिकवण्याच्या क्लासाच्या सर्वाधिकारी. तमाम उमर शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून काढिली, आणि कित्येक भित्रे, कित्येक उद्धट, कित्येक डावे-उजवे न समजणारे त्यांनी रस्त्यास लाविले. आता गुडघ्यांनी बंड पुकारिले, म्हणून क्लास एका जुन्या शिष्येच्या हवाली करून निवृत्त होण्याचा निश्चय जाहला आणि रविवारी सायंकाळी क्लासावरील दालनात निरोपाचा दरबार ठरला. ते समयी कन्या ताईसाहेब, ज्या दुकानांच्या जाहिराती आणि लोकांच्या लग्नांच्या फिती जोडून पोट भरितात, त्यांनी पुसिले की आई, तुला भेट काय हवी.

आईसाहेब बोलिल्या, "मला काही नको गं. सगळे म्हणतात, मी गाडीत फार ओरडते. माझे डोळे कायम रस्त्यावर. मी स्वतःला कधी पाहिलंच नाही. एकदा बघू दे मला, मी शिकवताना कशी दिसते."

हे ऐकून ताईसाहेबांनी तत्काळ वचन दिले, आणि तमाम आजीमाजी शिष्यांस गुप्त खलिते रवाना जाहले की ज्याने त्याने मागील आसनावर सोबती बसवून फोनावर आईसाहेबांचे चित्रण करावे, आणि आईसाहेबांनी पुसल्यास खुशाल थाप मारावी. मग चोहीकडून फितींचा पूर लोटला.

इकडे ताईसाहेबांचे बंधू दादासाहेब यांनी, हेतू चांगला पण रसिकता बेताची, आपल्या परीने एक फीत आगाऊ सिद्ध केली होती. तीत जुने फोटो एकामागून एक येती, प्रत्येक फोटो गुलाबाच्या पाकळ्यांत विरघळे, आणि पाठीमागे अखंड बासरी. ताईसाहेबांचे काम वेळेत न जाहल्यास हीच फीत दरबारी लागेल ऐसे ठरले. म्हणजे आईसाहेबांनी मागितले स्वतःला पाहणे, आणि पदरी पडणार बासरी. ही आपत्ती ध्यानी धरून पुढील मजकूर वाचावा.

आता ताईसाहेबांचे सामर्थ्य ऐकावे. जुना संगणक नुकताच कामी आला, म्हणून नवा आणविला होता. तो टेबलावर मावेना, म्हणून टेबल बदलिले. पोटात ग्राफिक्स कार्ड विटेएवढे, काचेच्या बरगडीआड लाल-निळे दिवे लखलखती, आणि चालू करिताच पंख्यांच्या वाऱ्याने टेबलावरचे कागद उडती. दुकानदाराने शपथ वाहिली होती की, "मॅडम, याच्यावर काहीही टाका, पाण्यासारखं वाहील." ऐसा गजराज पदरी असता ताईसाहेबांनी शनिवारी सकाळी तमाम फिती टाइमलाइनवर ओळीने मांडिल्या, चहाचा पेला हाती घेतला आणि फत्तेच्या खात्रीने चालवण्याची कळ दाबिली.

आणि गजराज मटकन बसला.

चित्र दोन पावले चाले आणि थबके. आईसाहेबांनी ओरडण्यास मुख उघडावे, ते उघडेच राहावे. आवाज "क्लच!" म्हणून पुढे निघून गेला आणि चित्र मागे अद्याप पट्टाच बांधीत होते. मोटार या झाडापासून नाहीशी होई ती थेट त्या झाडापाशी प्रकट होई, मधला रस्ता कोणी खाल्ला ते कळेना. ऐशा स्थितीत कुठे कापावे, कुठे जोडावे? आंधळ्याने दाढी करावी ऐसा प्रसंग.

दादासाहेबांस खबर लागताच त्यांचे पहिले फर्मान सुटले की संगणक बंद करून चालू करणे. केला. दुसरे फर्मान सुटले की पुन्हा एकदा करणे. दादासाहेबांचे शहाणपण ऐसे की पंखा बंद पडो, फोन बंद पडो, की बायको अबोला धरो, उपाय एकच.

मग ताईसाहेबांनी दस्तुरखुद्द मोर्चे लाविले. प्रथम दृश्याचा दर्जा निम्मा केला, मग पाव केला, तेणेकरून आईसाहेबांच्या चेहऱ्याचे चौकोन जाहले आणि ते चौकोनही अडखळतच चालिले. मग जुनी साठवण पुसून काढिली. मग ब्राउझरच्या ज्या खिडक्या मागे उघड्या होत्या, गाण्याच्या, हवामानाच्या, आणि का उघडिली ते उघडणारासही स्मरत नाही ऐशा, त्या सर्व हद्दपार केल्या. मग ग्राफिक्स कार्डाचा जुना ड्रायव्हर बडतर्फ करून नवा नेमिला, तो रुजू होताच पडदा काळाठिक्कर जाहला, आणि परत उजळेतो ताईसाहेबांनी जे शब्द उच्चारिले ते मावशीसाहेबांस लिहिण्याजोगे नाहीत. पडदा उजळला. चित्र पूर्ववत लंगडू लागले.

मग हार न मानिता इंटरनेटवरील जाणत्यांचे दरबारी अर्ज टाकिला, त्यात संगणकाची सामग्री नखशिखांत लिहिली. पहिला पंडित उत्तरला की तुमचा संगणक जुना असेल, नवा घ्या. दुसरा उत्तरला की हा प्रश्न पूर्वी येऊन गेला आहे, शोधा. तिसरा पहिल्याशी भांडू लागला. चौथ्याने लिहिले की मलाही हाच त्रास आहे, उत्तर सापडल्यास कळवावे. त्या चौथ्याचे कल्याण असो, निदान तो खरे बोलिला. बाकीच्यांविषयी स्पष्ट लिहितो की, न वाचता उत्तर देणाऱ्या या मंडळींइतकी निकामी फौज पृथ्वीच्या पाठीवर नाही, आणि दुर्दैव ऐसे की हीच फौज कधी निवृत्त होत नाही.

दुकानदारास फोन केला. त्याने क्षणाचाही विलंब न लाविता कौल दिला की, "मॅडम, रॅम दुप्पट करून टाका."

ताईसाहेब म्हणाल्या, "अहो, आहे तीच निम्मी रिकामी पडलीये! पातेलं मोठं आणलं म्हणून दूध वाढतं का?"

"तसं नाही मॅडम, पण जास्त असलेली बरी ना."

हे बोल विकणाराचे, समजणाराचे नव्हेत, हे ओळखून ताईसाहेबांनी फोन आपटिला. शनिवार ऐसा गेला. रात्रीची हकीकत विचाराल तर ताईसाहेब संतापून निजल्या.

रविवारी सकाळी दादासाहेब जातीने येऊन ठाकले, हाती पेन ड्राइव्ह, मुखी दयाभाव.

"तायडे, हट्ट सोड आता. माझी फीत तयार आहे."

"तुझ्या त्या गुलाबांत आई एकदा तरी बोलते का रे?"

"बोलत नाही, पण बासरी आहे ना!"

"आईनं कधी बासरी वाजवून कुणाला गिअर टाकायला शिकवलंय? जा, चहा कर."

दादासाहेब चहा करू गेले. आणि ताईसाहेबांनी रागाच्या भरात टाइमलाइनवरील तमाम फिती झाडून खाली काढिल्या, आणि मग गुन्हेगारांची ओळखपरेड घ्यावी त्याप्रमाणे एकेकीस पुढे बोलावून एकटीच चालवून पाहिली. पहिली लंगडली. दुसरी लंगडली. तिसरी तर जागची हलेना. मग एक धुरकट फीत आली, एका जुन्या शिष्याने अडगळीतील कॅमेऱ्याने काढिलेली, आणि ती उधळल्या घोड्यासारखी सुसाट सुटली! तोच संगणक, तोच पडदा, तीच कळ. ताईसाहेबांच्या मस्तकी प्रकाश पडला. दोष गजराजाचा नव्हेच. दोष त्याच्यापुढे टाकिलेल्या चाऱ्याचा.

तो भेद ऐसा. जुना कॅमेरा भाबडा, तो प्रत्येक चित्र सबंध लिहून ठेवी. अलीकडील फोन मात्र जागेचे भारी कंजूष. ते एक चित्र सबंध लिहितात आणि पुढे केवळ फरक टिपितात. म्हणजे हुजुरांनी जासुदास पुसावे की गनीम कोठवर आला, तर जासूद म्हणे, कालच्याप्रमाणेच, फक्त दोन पावले पुढे. काल कोठे होता? ते कालच्या जासुदास पुसावे. त्यास पुसावे तर तो म्हणे, परवाच्याप्रमाणेच. ऐसे मागे मागे जात पहिला जासूद गाठावा, मग सर्वांच्या बेरजा मांडाव्या, तेव्हा कोठे एक चित्र उभे राही, आणि तेवढ्यात पुढील चित्राची वेळ टळून जाई. नुसती फीत पाहणारा संगणक हे कसेबसे निभावून नेतो. पण कापणारास कधी मागे, कधी पुढे, कधी भलतीकडेच उडी घेणे पडते, आणि दर उडीस जासुदांची ही रांग नव्याने जमवावी लागते. तेथे हत्तीही घामाघूम होतो.

यावर तोड काय? तोड एकच, आणि लिहिताना बखरकाराची लेखणी अडखळते. ती तोड म्हणजे तोतये. तोतया सापडला की त्याची धिंड काढावी, हा राज्यांचा जुना रिवाज. येथे खुद्द ताईसाहेबांनीच तोतये घडविण्याचा हुकूम दिला. प्रत्येक फितीचा एक हलका, अंमळ पुसट जोडीदार करावा, नाव तेच, लांबी तीच, पण अंगी फरकाची कोडी नाहीत, प्रत्येक चित्र आपल्या पायावर उभे. कापाकापी तोतयांवर करावी, आणि काम संपताच खऱ्यांस बोलावून त्यांच्या जागी बसवावे. सॉफ्टवेअरवाले यास प्रॉक्सी म्हणतात, आणि ही सोय पहिल्या दिवसापासून मेनूमध्ये मुकाट बसलेली होती, कोणा पंडिताच्या तोंडून तिचे नाव निघाले नाही ते नाहीच.

मग गजराजाने पंख्यांचा घोष करीत तोतये घडवावयास आरंभ केला, आणि तेव्हा त्याचे बळ प्रथमच कामी आले. दुपार होता होता फौज उभी राहिली. ताईसाहेबांनी कळ दाबिली आणि चित्र धावले! पुढे म्हणता पुढे, मागे म्हणता मागे. आईसाहेबांचे मुख आणि आईसाहेबांचा आवाज एकत्र नांदू लागले. मग ताईसाहेबांनी सपासप कापिले आणि जोडिले, आणि दादासाहेब शेजारी बसून कोठे हसू येते ते सांगू लागले, आणि ते सांगणे, खरे तेच लिहितो, बहुत कामाचे ठरले.

शेवटी दादासाहेबांची घाई सुरू जाहली. "चालतंय ना आता? मग हेच ने की!"

"हे तोतये आहेत, दादा. आई स्वतःला पहिल्यांदा बघणार आहे. ती काय पुसट बघणार?"

ऐसे म्हणून ताईसाहेबांनी तोतयांस निरोप दिला, खऱ्यांस गादीवर बसविले, अखेरची फीत काढिली, एकवार डोळ्यांत तेल घालून पाहिली, आणि दोघे भावंडे दालनाकडे धावली. पेन ड्राइव्ह दादासाहेबांचाच वापरिला. गुलाब पुसून.

दरबार भरला. दिवे मालविले. पडद्यावर आईसाहेब प्रकटल्या, शिकाऊ मोटारीत, डाव्या-उजव्याचा घोळ घालणाऱ्या एका इसमाच्या शेजारी, आणि गर्जल्या, "अरे, ती काच पुसायची दांडी आहे, वळायचा दिवा नाही!" सभा खो खो हसली. मग एक मुलगी आली, चढावर गाडी मागे जाते म्हणून रडू लागलेली, आणि तेथे आईसाहेब अजिबात ओरडल्या नाहीत. त्यांनी गिअरवरील तिच्या हातावर आपला हात ठेविला आणि हळू म्हणाल्या, "मागे गेली तर जाऊ दे. मी आहे ना." येथे दादासाहेबांनी नाक पुसिले. सर्दी होती ऐसे ते सांगतात.

मग अखेरचा प्रसंग. पडद्यावर मोटार भरधाव चौकाकडे निघाली, शिकाऊ गडबडला, समोर ट्रक आला. चित्र एका ठायीही अडखळले नाही, रस्ता ऐसा अंगावर आला की दालनातील तमाम शिष्यांचे डावे पाय एकदम क्लचवर गेले. आणि पहिल्या रांगेत आईसाहेबांचा उजवा पाय, दुखऱ्या गुडघ्यासकट, ब्रेक समजून समोरच्या टेबलावर सणसणीत बसला, आणि पडद्यावरील स्वतःकडेच बोट करून त्या कडाडल्या, "अगं ए, थांबव त्याला!"

दिवे लागले. आईसाहेबांनी डोळे पुसिले, सभेकडे वळून पाहिले, आणि दालनाच्या काचा हादरतील ऐशा आवाजात म्हणाल्या, "काहीतरीच! मी कुठे ओरडते?"

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. टेबलाचा एक पाय मोडला, तो लढाईत कामी आला ऐसे समजावे. बहुत काय लिहिणे.