शादलीचा आकडा

माणसाची खरी योग्यता काय, हे ठरवण्याचं काम पूर्वी परमेश्वराकडे होतं. परमेश्वर ते सावकाश करत असे आणि निकाल माणूस मेल्यावरच लावत असे. त्यामुळे लोकांची फार गैरसोय व्हायची. मुलींचे बाप तर अगदी टेकीला यायचे. आता तेच काम एक कंपनी दरवर्षी सप्टेंबरच्या अखेरीला उरकते, निकाल दोन अंकी आकड्यात देते, आणि वर गवतही दाखवते.

ही कंपनी फुटबॉलचा व्हिडिओ गेम काढते. जगात त्याला काय म्हणत असतील ते असो. करकना बेटाच्या पार टोकाला असलेल्या अताया गावात त्याला 'नवीन' म्हणतात. गेल्या वर्षीच्या 'नवीन'ला 'जुनं' म्हणतात आणि त्याच्या आधीच्या सगळ्यांना 'ते तेव्हाचं'. (तेव्हाच्या प्रत्येकात गोलकीपर आताच्यापेक्षा चांगले होते. याबद्दल गावात दुमत नाही.)

'नवीन' समोरच्या किनाऱ्यावरच्या स्फाक्स शहराहून फेरीबोटीने येतं आणि लमजदच्या कॉफीच्या दुकानात, मोठ्या पडद्यावर लागतं. लागलं की गुणदोष समिती बसते. समितीत तीन सभासद. लमजद अध्यक्ष, कारण खुर्च्या त्याच्या. दुसरे सी (म्हणजे श्रीयुत) मुख्तार, फेरीबोटीवरचे निवृत्त तिकीट तपासनीस. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकही माणूस फुकट सोडला नाही, सख्ख्या सासूलासुद्धा अर्ध्या समुद्रातून परत पाठवायला निघाले होते. आणि तिसरी खाल्ती मबरूका. खाल्ती म्हणजे मावशी. ती अख्ख्या गावाची मावशी होती. वय अडुसष्ट, धंदा ऑक्टोपस आपटून मऊ करणं आणि दोरीवर वाळत घालणं. तिने आयुष्यात खेळाच्या बटणांना बोट लावलेलं नव्हतं. पण गेल्या पंधरा वर्षांतलं प्रत्येक 'नवीन' तिच्या डोक्यात जसंच्या तसं होतं. कोणत्या वर्षी चेंडू रेफरीच्या पोटात अडकला आणि सामना वीस मिनिटं तसाच चालला, हे कंपनी विसरली असेल, मबरूका विसरली नव्हती.

समितीचा अहवाल दरवर्षी साधारण असा असे:

गुण. गवत सुधारलं आहे, यंदा त्यावर दवही आहे. खेळाडूंना घाम येतो. पूर्वी सगळ्या प्रेक्षकांना मिळून एक चेहरा होता, आता चार आहेत.

दोष. गोलकीपर चेंडूकडे न बघता लांब कुठेतरी बघतो, जणू बोट येतेय का पाहतोय. समालोचक तीच अकरा वाक्यं बोलतो. रेफरीशी हुज्जत घालता येत नाही, त्यामुळे खरं वाटत नाही.

सबब 'नवीन' म्हणजे 'जुनं'च असून ते कोणीही विकत घेऊ नये, असं सर्वानुमते ठरलं.

(हा ठराव दरवर्षी 'नवीन' विकत घेतल्यानंतर होई. आधी करायचा तर गुणदोष कळणार कसे?)

एवढं झालं की सगळे घसा साफ करत आणि खरं काम सुरू होई. लमजद बेल्जियमच्या दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये शिरे, गावात कुणालाच नीट उच्चारता न येणारा एक क्लब उघडे आणि यादीत खाली खाली जात शादलीपाशी थांबे.

शादली हा मबरूकाचा एकुलता मुलगा. एकोणिसाव्या वर्षी तो पायांच्या जोरावर बेट सोडून गेला आणि तेविसाव्या वर्षी 'नवीन'मध्ये आला. खरा शादली तीन-तीन वर्षं घरी फिरकत नसे. पडद्यावरचा मात्र दर सप्टेंबरात न चुकता येई. कंपनी दुसऱ्या दर्जाच्या खेळाडूंचे खरे चेहरे काढत नाही, तयार चेहऱ्यांतला एक देते. शादलीच्या वाट्याला निळे डोळे, सरळ नाक आणि पिंगट दाढी आली होती. पहिल्या वर्षी मबरूकाने विचारलं होतं, "हा कोण मेला?" दुसऱ्या वर्षी तिला त्याची सवय झाली. चौथ्या वर्षी कंपनीने दाढी काढून टाकली, तेव्हा तिने घाबरून बेल्जियमला फोन केला.

"दाढी का काढलीस? बरं आहे ना तुला?"

"उम्मी, मला दाढी कधी होती?"

"लपवू नकोस माझ्यापासून."

रोज दुपारी ती लमजदच्या दुकानात जाई. लमजद सामना लावून देई आणि ती चहा पीत मुलाला धावताना बघे. सत्तराव्या मिनिटाला त्याला बाहेर बसवलं की ती उठून घरी जाई. उरलेल्या सामन्यात तिला रस नव्हता.

आता आकडा. खेळात प्रत्येक खेळाडूला वेग, शक्ती, नेम वगैरेचे आकडे असतात आणि त्यांचा मिळून एक मोठा आकडा. अतायात या मोठ्या आकड्याला सरकारी दाखल्याचा मान होता. शादली अडुसष्ट असताना सी मुख्तारांनी त्याला जावई म्हणून पसंत केलं. त्यांची धाकटी मुलगी राव्दा शेजारच्या रमला गावात शाळेत गणित शिकवायची. साखरपुडा झाला, शादली परत गेला, आणि पुढच्या वर्षी सदुसष्ट झाला. त्याच्या पुढच्या वर्षी पासष्ट.

सी मुख्तारांनी आपली भूमिका शांतपणे मांडली. "माझा कुणावर राग नाही. पण पासष्टच्या खाली मी मुलगी देणार नाही. रेषा म्हणजे रेषा. बोटीवरही मी असाच होतो."

"तिशी आली की आकडे उतरतातच हो," लमजद म्हणाला.

"मग तिशीच्या आत लग्न करायचं होतं."

"तेव्हा तुम्ही म्हणालात, सत्तरचा होऊ दे!"

"म्हणालो असेन. माणसाला आशा असते."

मुलगा लग्न करून बेटावर येईल, बापाच्या मासेमारीच्या जागा सांभाळील, ही एकच इच्छा धरून मबरूका जगत होती, आणि आता ती इच्छा पासष्टाच्या काठावर उभी होती. तिने मोठ्या आकड्याखालचे छोटे आकडे लमजदकडून वाचून घेतले. तिथे तिला दोष सापडला.

"शक्ती बावन्न? अगं बाई! पोर उपाशी आहे तिकडे!"

खरं तर हा संशय तिला जुना होता आणि त्याला शास्त्रीय आधारही होता. समितीच्या दप्तरी नोंद होती: ज्या वर्षी मबरूकाने दोन किलो वाळवलेला ऑक्टोपस बेल्जियमला पाठवला, त्या वर्षी शक्ती चौपन्न. ज्या वर्षी चार किलो, त्या वर्षी अठ्ठावन्न. ज्या वर्षी पार्सल कस्टममध्ये अडकून पडलं, त्या वर्षी बावन्न. (तंबाखू आणि खोकल्याचा संबंधही याहून सबळ पुराव्याने सिद्ध झालेला नाही.) सी मुख्तारांच्या मुलीने एकदा सांगून पाहिलं की तीन नोंदींवरून काहीच सिद्ध होत नाही. तिला सांगण्यात आलं की शाळेतलं गणित वेगळं आणि ऑक्टोपसचं वेगळं.

त्या मोसमात अख्खं गाव कामाला लागलं. घरटी एक ऑक्टोपस. मबरूकाने प्रत्येक स्वतः खडकावर चाळीस वेळा आपटला, आणि दर आपटीला कंपनीचं नाव घेतलं. अकरा किलोंचं पार्सल निघालं. सोबत कंपनीला गावाचा अर्जही गेला: शादलीचा वेग एकोणसत्तर लिहिला आहे, तो चुकीचा असून चौदाव्या वर्षी तो हाजी अम्मारच्या कुत्र्यापुढे मशिदीपासून बंदरापर्यंत धावला आहे, साक्षीदार बावीस, कुत्रा वारला आहे. उत्तर आलं की आपल्या अभिप्रायाबद्दल आभार, कृपया यंत्र एकदा बंद करून पुन्हा सुरू करावं. गावाने यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं. वेग एकोणसत्तरच राहिला.

सप्टेंबर संपला. सकाळच्या बोटीने 'नवीन' आलं. दुकानात मुंगीला जागा नव्हती. दाराबाहेर बायका उभ्या, खिडकीत माणसं. गुणदोषांचा अहवाल त्या दिवशी वाचल्यासारखा करून घेतला. मग लमजद बेल्जियममध्ये शिरला. सी मुख्तारांनी चष्मा पुसला. मबरूकाने डोळे मिटले.

तेवढ्यात मागून कुणीतरी आत घुसू लागलं. खांद्याला पिशवी, किंचित लंगडत, पोट थोडं सुटलेलं, केस पुढून विरळ.

"सरक रे बाबा, पडदा दिसत नाही!" लमजद ओरडला.

माणूस निमूटपणे सरकला.

"एकाहत्तर!"

छप्पर उडायचं बाकी राहिलं. बायकांनी जिभा नाचवत लांबलचक ललकाऱ्या दिल्या, सी मुख्तारांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणालातरी न विचारता मिठी मारली, आणि कोणीतरी "शक्ती चौसष्ट! अकरा किलो!" असं ओरडत बंदराकडे धावत सुटलं. मबरूका ललकारी द्यायला उठली, तोंड उघडलं, आणि तशीच राहिली. भिंतीशी तो लंगडा माणूस एका पावलावर दुसरं पाऊल ठेवून उभा होता. असं उभं राहण्याबद्दल तिने एका मुलाला लहानपणी रोज रट्टे दिले होते.

"शादली?"

"हो, उम्मी."

"किती वाळलास रे!" ती त्याच्या पोटाला हात लावून म्हणाली. मग त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं आणि पडद्याकडेही. डोळे काळे होते. तिला क्षणभर चुकल्यासारखं झालं. "अकरा किलो खाल्लास ना?"

"घरमालकाने वासाबद्दल नोटीस दिली, उम्मी. सगळे शेजाऱ्यांत वाटून टाकले."

(समितीने नंतर नोंद केली की शेजाऱ्यांची शक्ती कोणी मोजलेली नसल्याने यावरून काही सिद्ध होत नाही.)

"आणि हे लंगडणं?"

"गुडघा मार्चमध्ये गेला. तोवर बरा खेळलो, म्हणून आकडा चढला असेल. कंपनीला कळलं नाही वाटतं. आता खेळणं संपलं. आलोय मी."

सी मुख्तार पुढे आले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, माणसाकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं. एकतीस वर्षं बोटीवर पाहत होते तसं.

"तिकीट एकाचं आहे," ते म्हणाले, "आणि प्रवासी दुसराच आहे."

"अहो, मीच शादली!"

"ते सगळेच म्हणतात."

चाचणी घ्यायची ठरली. शादलीला पडद्यासमोर बसवलं, हातात बटणं दिली, आणि स्वतःला खेळवायला सांगितलं. तो चार-शून्यने हरला. गावाने मान हलवली.

"शादली असा पास देत नाही," लमजद दुःखाने म्हणाला. "तो आधी डावीकडे वळतो."

"मी आयुष्यात कधी डावीकडे वळलो नाही."

"तुला काय माहीत? आम्ही रोज बघतो."

मबरूकाने इकडे तिकडे पाहिलं. मुलगा दारात आला होता आणि गाव त्याला तिच्यादेखत परत पाठवू पाहत होतं. तिने शेजारच्या टेबलावरचा ऑक्टोपस उचलला (पाहुणचारासाठी आणलेला, आधीच मऊ) आणि टेबलावर आपटला.

"एकाहत्तर कोणाचा मुलगा?" तिने विचारलं.

"तुझा," समिती म्हणाली.

"आणि हा कोणाचा?"

"तुझा."

"मग घरच्या घरात भांडण कसलं? लिहा ठराव!"

ठराव लिहिला गेला. सदर मुलगी एकाहत्तरला द्यावी. एकाहत्तर पडद्याबाहेर येऊ शकत नसल्याने त्याच्या वतीने सदर लंगडणाऱ्या इसमाने लग्नास, जेवणास व पुढील आयुष्यास हजर राहावं. सी मुख्तारांनी दोनदा वाचून सही केली. मग कुणाला तरी आठवलं की मुलीलाही कळवायला हवं. ती दारातच उभी होती.

"गुडघ्याचं मला मार्चपासून माहीत आहे," ती म्हणाली. "मीच सांगितलं, ये म्हणून."

"मग बोलली का नाहीस?" वडील गरजले.

"कुणी विचारलं?"

लग्न आठवड्याच्या आत लागलं, आकडा शिळा होण्याआधी. मांडवात लमजदने पडदा लावला होता. निळे डोळे, सरळ नाक, एकाहत्तर. आहेर त्याच्यापुढे ठेवले गेले.

पुढच्या सप्टेंबरात 'नवीन' आलं. लमजदने बेल्जियमची यादी तीनदा वरपासून खालपर्यंत पाहिली. मग समितीने आपल्या इतिहासातला सर्वांत लहान अहवाल लिहिला. गुण: चौदा. दोष: एक. 'नवीन' त्याच बोटीने परत गेलं, आणि कोणीही विकत घेऊ नये हा ठराव पहिल्यांदाच पाळला गेला.

तेव्हापासून अतायात 'जुनं'च चालतं. त्यातला शादली एकाहत्तरच आहे, थकत नाही, तिशी ओलांडत नाही. खरा सकाळी मासे पकडायला जातो आणि दुपारी आईशेजारी बसून चहा पितो.

"बघ, बघ कसा पळतो!" मबरूका म्हणते. "शिक काहीतरी त्याच्याकडून."

"त्याला सत्तराव्या मिनिटाला बसवतील."

"बसवू देत. तू आहेस ना."

आकड्यावरून माणूस जोखणाऱ्या या भाबड्या बेटकऱ्यांना शहरातले शहाणे वाचक हसतील. जरूर हसावं. फक्त हसून झालं की, मागे न बघता, एवढं सांगावं: शादलीचा आकडा किती होता?

एकाहत्तर. शाबास.

आणि त्याच्या बायकोचं नाव?